हक्क, सवलत आणि बांबूची काठी

मालकी आणि मुभा यांतील अंतर व्यापारी कुटुंबातील माणसाला शिकवावे लागत नाही. दुकानाची जागा स्वतःची असणे वेगळे आणि जागामालकाच्या मर्जीने तेथे बसता येणे वेगळे. पहिल्या स्थितीत माणूस पुढील पिढीचा विचार करून भांडवल गुंतवतो. दुसऱ्या स्थितीत मालकाच्या कपाळावरील आठी पाहून दिवसाचा बेत ठरवावा लागतो. दोन्ही दुकानांत माल तोच असेल, गिऱ्हाईक तेच असेल. परंतु एका दुकानदाराची झोप शांत असते आणि दुसऱ्याची नसते.

आपल्या देशातील आदिवासी समाजाची गेल्या दीडशे वर्षांची कहाणी याच अंतराची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १० कोटी ४३ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के आहे. महाराष्ट्रात ती १ कोटी ५ लाखांच्या आसपास आहे. जंगलातील मध, मोहफुले, बांबू, तेंदूपाने यांवर या समाजाचा हक्क आहे की त्याला केवळ सवलत आहे, हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर बहुतेक वेळा विधिमंडळाच्या सभागृहात ठरले नाही. ते ठरले कार्यालयांत, टिपणींत, परिपत्रकांत आणि नियमांच्या पोटकलमांत. अल्पसंख्य जनसमूहांविषयीचे शासकीय धोरण अधिकारीवर्गाच्या लेखणीतून कसे आकार घेते, हे पाहण्यासाठी बांबूइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हा इतिहास १८६४ पासून सुरू होतो. रेल्वेच्या रुळांखाली घालण्यासाठी लाकडी स्लीपरांची मागणी अफाट वाढली होती आणि जंगले झपाट्याने तुटत होती. तेव्हा इंग्रज सरकारने वनखाते स्थापन केले आणि डीट्रिच ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याचा पहिला महानिरीक्षक नेमले. पुढील दशकात नव्या वनकायद्याविषयी अधिकाऱ्यांमध्येच मोठा वाद झाला. एका बाजूला बेडन-पॉवेल हे मुलकी अधिकारी होते. त्यांचे म्हणणे असे की, जी जमीन सरकारने लेखी कोणाला दिलेली नाही ती सरकारची. गावकरी पिढ्यान् पिढ्या जंगलातून लाकूडफाटा आणत असतील, गुरे चारत असतील, तर तो हक्क नव्हे; पूर्वीच्या राजांनी त्याकडे कानाडोळा केला एवढेच, म्हणजे ती सवलत. दुसऱ्या टोकाला मद्रास इलाख्याचे महसूल मंडळ होते. पिढ्यान् पिढ्यांचा वापर हाच हक्काचा पुरावा होय आणि गावाच्या वापराबाहेरचे जंगल शोधूनही सापडणार नाही, अशी त्याची भूमिका होती. ब्रँडिस यांचा कल मधल्या मार्गाकडे होता. काही जंगल सरकारने राखावे आणि काही गावांच्या हाती द्यावे, असे त्यांना वाटे.

या वादात ज्यांच्या जंगलाविषयी बोलणे चालले होते त्यांना कोणी बोलावले नव्हते. गोंड, भिल्ल, कोरकू, वारली यांपैकी कोणाचेही मत त्या कागदपत्रांत मागितलेले दिसत नाही. शेवटी १८७८ चा कायदा झाला तो बव्हंशी बेडन-पॉवेल यांच्या विचाराने. जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार झाले. त्यांपैकी पहिले दोन फोफावले. तिसरा प्रकार पुस्तकातच राहिला म्हटले तरी चालेल.

राखीव वन घोषित करण्याची रीतही पाहण्यासारखी होती. सरकारने अधिसूचना काढायची, गावात जाहीरनामा लावायचा आणि किमान तीन महिन्यांच्या मुदतीत ज्याला आपला हक्क सांगायचा असेल त्याने अधिकाऱ्यापुढे येऊन सांगायचा. मुदतीत जो आला नाही त्याचा हक्क संपला. दाव्याला मुदत असते, मुदत टळली की दावा बुडतो, हे पेढीवर बसणाऱ्याला ठाऊक असते. परंतु ज्याला अक्षरओळख नाही, ज्याच्या पाड्यापासून कचेरी दोन दिवसांच्या वाटेवर आहे आणि आपल्या घरामागील डोंगरावर ‘दावा’ सांगावा लागतो ही कल्पनाच ज्याच्या मनाला शिवलेली नाही, त्याच्यासाठी तो जाहीरनामा म्हणजे झाडाला चिकटवलेला एक कागद होता. अशा रीतीने कागदोपत्री सारे यथासांग होऊन हजारो गावांचे हक्क विझले, आणि जे उरले ते ‘सवलती’ या सदरात गेले.

याच परंपरेतून १९२७ चा भारतीय वन कायदा आला आणि तो आजही लागू आहे. त्याच्या आरंभी व्याख्या दिल्या आहेत. त्यांत ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत ताड-माडांच्या कुळातील झाडे, बुंधे, झुडपे, वेत यांच्यासह बांबूचाही समावेश केलेला होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. गहू, ऊस, ज्वारी यांच्याच कुळातील तो थोरला भाऊ. तो तोडला तरी कंदातून पुन्हा फुटतो. परंतु कायद्याच्या लेखी तो वृक्ष झाला. वृक्ष तोडला की ते इमारती लाकूड ठरते, आणि लाकूड हलवायचे तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. टोपल्या, सुपे, तट्टे विणणाऱ्या बुरुडापासून घराच्या कुडासाठी चार काठ्या आणणाऱ्या गोंडापर्यंत सगळे या एका शब्दामुळे परवान्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

या शब्दाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावकऱ्यासाठी ‘वृक्ष’ असलेला बांबू कारखान्यासाठी मात्र अतिशय स्वस्त कच्चा माल होता. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी उत्तर कन्नड जिल्ह्याचे उदाहरण नोंदवून ठेवले आहे. तेथे १९५८ च्या सुमारास एका कागद गिरणीला बांबू टनामागे दीड रुपया दराने मिळत होता, तर बुरुडांना तोच बांबू बाजारात त्याच्या कित्येक पटींनी महाग पडे. मोठ्या गिऱ्हाइकाला घाऊक दर मिळतो, हे व्यापारात चालतेच. पण येथे माल गावाच्या परिसरातील, विक्रेता सरकार आणि दर ठरवणारे हात कचेरीतील, अशी ती रचना होती. असा करार कोणत्याही निवडणुकीत मतदारांपुढे मांडला जात नाही. तो फाइलीत जन्मतो आणि मुदतवाढीने जगतो.

आता आपल्या महाराष्ट्रातील गडचिरोलीकडे येऊ. जुन्या मध्य प्रांताचा हा भाग. येथे जमीनदारीच्या काळापासून गावाला जळण, बांबू, चराई यांसाठी ‘निस्तार’ हक्क होते. १९५० नंतर जमीनदारी गेली, जंगले सरकारकडे आली आणि निस्ताराच्या नोंदी झाल्या. परंतु व्यवहारात हे हक्क आकसत गेले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड वस्तीचे गाव. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने तेथे अभ्यासगट चालवला. गावाचे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घ्यायचे, अशी शिस्त त्यांनी बाणवली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुढे महाराष्ट्रभर पोहोचली. या घोषणेत बंडाची भाषा नाही. आपल्या दाराशी असलेल्या जंगलाचा कारभार आपण पाहू, एवढीच तिची मागणी आहे.

याच सुमारास दिल्लीत दोन कागद निघाले. अधिकाऱ्याची लेखणी कोणत्या दोन दिशांना जाऊ शकते याचे ते नमुने आहेत.

पहिला कागद १९९० चा. डॉ. ब्रह्मदेव शर्मा हे मुळात गणिताचे अभ्यासक, मध्य प्रदेश केडरचे सनदी अधिकारी, एके काळचे बस्तरचे जिल्हाधिकारी. १९८६ पासून ते अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त होते. आयुक्तांचे वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवून कपाटात जाण्याची प्रथा असते. शर्मांनी आपल्या एकोणतिसाव्या अहवालात वनजमिनींवरील वादांचा प्रश्न असा मुद्देसूद मांडला की पर्यावरण व वन मंत्रालयाला १८ सप्टेंबर १९९० रोजी परिपत्रके काढावी लागली. जुने कसणारे कोण, खरे अतिक्रमण कोणते, याची शहानिशा करून जुन्या दाव्यांचा निकाल लावावा, असा त्यांचा आशय होता. राज्याराज्यांतील कार्यालयांनी ती परिपत्रके बव्हंशी बासनात बांधून ठेवली.

दुसरा कागद ३ मे २००२ चा. त्याच मंत्रालयातील वन महानिरीक्षकांच्या कार्यालयातून राज्यांना एक पत्र गेले, ते असे की वनजमिनींवरील अतिक्रमणे ३० सप्टेंबर २००२ पर्यंत हटवावीत. हा कायदा नव्हता, अध्यादेशही नव्हता. पत्रच होते. परंतु बारा वर्षांपूर्वीची परिपत्रके जेथे कपाटात पडून राहिली, तेथे हे पत्र मात्र तत्परतेने अमलात आले. पुढील दोनेक वर्षांत सुमारे दीड लाख हेक्टरांवरून लोकांना हटवल्याची आकडेवारी सरकारनेच संसदेत दिली. हत्ती लावून झोपड्या पाडल्याच्या बातम्या आल्या. ज्यांच्या दाव्यांची शहानिशा १९९० च्या आदेशाप्रमाणे व्हायची होती, तेही त्यांत होते. दोन्ही आदेश एकाच मंत्रालयाचे. पण एक यंत्रणेच्या सवयीला रुचला नाही आणि दुसरा रुचला. धोरण म्हणजे काय लिहिले एवढेच नसते. लिहिलेल्यातील काय पाळले जाते यावरही ते ठरते.

या हद्दपारीविरुद्ध देशभर जी चळवळ उभी राहिली तिच्यातून २००६ चा वनहक्क कायदा आला. आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला असे या कायद्याने आपल्या प्रास्ताविकातच मान्य केले. त्याआधी एक छोटासा पण निर्णायक बदल झाला होता. मार्च २००६ मध्ये हा विषय वन मंत्रालयाकडून काढून आदिवासी कार्य मंत्रालयाकडे देण्यात आला. कोणत्या मंत्रालयाच्या टेबलावर मसुदा तयार होणार, यावर त्याचा आत्मा ठरतो, हे या बदलामागील लोकांना पुरते उमगले होते. कायद्यात गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क ग्रामवासीयांना दिला गेला आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचे नाव स्पष्टपणे घातले गेले. बेडन-पॉवेल यांच्या टिपणीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी ‘सवलत’ खोडून ‘हक्क’ लिहिला गेला. लढाई संपली असे कोणालाही वाटले असते.

परंतु कायद्याच्या मागोमाग नियम येतात, आणि नियम लिहिण्याचे काम कचेरीचे. १ जानेवारी २००८ रोजी नियम लागू झाले. वनोपजाची ‘विल्हेवाट’ म्हणजे काय, हे त्यांत सांगितले होते. वनक्षेत्रात वाहतूक करायची ती डोईवरील भाऱ्याने, सायकलीने किंवा हातगाडीने. मोटार वाहन वापरायचे तर त्याला वाहतुकीचे पूर्वीचेच नियम लागू. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी ठोक व्यापार केला आहे त्यांनी क्षणभर विचार करावा. गोदाम तुमचे, माल तुमचा, विकण्याचा अधिकार तुमचा. फक्त माल गिऱ्हाइकापर्यंत नेताना डोक्यावरून न्यायचा. ट्रक हवा असेल तर ज्याच्याकडून ही मालकी कायद्याने काढून घेतली त्याच्याच दारात परवाना मागायला जायचे. अशा मालकीवर कोणता सावकार कर्ज देईल? संसदेने दिलेला हक्क कोणी रद्द केला नाही, फक्त त्याची चाके काढून घेतली.

मेंढ्याला याचा अनुभव लवकरच आला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. अशी मान्यता मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. ग्रामसभेने आपला बांबू विकायचे ठरवले. पण वाहतूक परवाना मिळेना. वनखात्याच्या बाजूने १९२७ च्या व्याख्येचा आधार होता की बांबू हा वृक्ष आहे. ग्रामसभेच्या बाजूने २००६ च्या व्याख्येचा, की बांबू हे गौण वनोपज आहे. एकाच देशाचे दोन कायदे एकाच काठीला दोन नावांनी हाका मारत होते, आणि कोणते नाव खरे हे परवान्याचे पुस्तक ज्याच्या खणात आहे तो ठरवत होता.

ही कोंडी फुटण्यासाठी काय काय घडावे लागले ते पाहा. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन मंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानण्यास सांगितले. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. कायदा होऊन चार वर्षे उलटली होती, गावाचा हक्क मान्य होऊनही बराच काळ गेला होता. तरी एक परवानापुस्तिका एका खणातून दुसऱ्या खणात जाण्यासाठी केंद्राचा मंत्री आणि राज्याचा मुख्यमंत्री शंभर घरांच्या गावी यावे लागले. त्या दिवसाचे कौतुक झाले ते योग्यच होते. परंतु जेथे मंत्री पोहोचणार नाहीत अशा हजारो गावांचे काय, हा प्रश्नही त्या दिवसानेच उभा केला.

त्याचे उत्तर पुन्हा नियमांतच होते. सप्टेंबर २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. डोईभारा, सायकल, हातगाडी ही मर्यादा गेली. वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीने द्यावेत, असे ठरले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश काढून १९२७ च्या कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्दच गाळण्यात आला. वनक्षेत्राबाहेर, शेताच्या बांधावर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मुख्य लाभ झाला. एक शब्द घालायला एका मसुद्यातील एक ओळ पुरली होती. तो काढायला नव्वद वर्षे लागली.

येथे दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. वनखात्यातील प्रत्येक माणूस आदिवासींचा वैरी होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. आज जी जंगले शिल्लक आहेत त्यांत या खात्यातील कष्टाळू वनरक्षकांचा वाटा मोठा आहे. आदिवासींच्या नावाने परवाना काढून डोंगर बोडके करणारे ठेकेदार सर्वांनी पाहिले आहेत. अधिकाऱ्याचा संशय काही आकाशातून पडलेला नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या ठेकेदारांत आणि आदिवासींचा माल मातीमोल किमतीने घेणाऱ्यांत व्यापारी वर्गातील माणसेही होती. मिठाच्या बदल्यात चारोळी घेतल्याच्या गोष्टी वनप्रदेशात जुनी माणसे अजून सांगतात. त्यामुळे नियम नकोतच, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच की नियमाचा हेतू जंगल राखणे हा आहे की अधिकार राखणे हा. ज्या ग्रामसभेचे पोटच जंगलावर आहे तिला राखणदार मानायचे की संशयित, हे आधी ठरते; नियमांची भाषा त्यानंतर येते.

शब्द आणि नियम यांखेरीज आणखी एक हत्यार कचेरीत असते, ते म्हणजे विलंब. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा डिसेंबर १९९६ मध्ये झाला. दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींवर तो आधारलेला होता आणि त्याच्या उभारणीत ब्रह्मदेव शर्मांचाही मोठा वाटा होता. महाराष्ट्राचे पेसा नियम झाले ते मार्च २०१४ मध्ये. सतरा वर्षे! त्या काळात जन्मलेले मूल दहावी ओलांडून पुढे गेले. कोणीही या कायद्याला विरोध केला नाही, कोणीही तो नाकारला नाही; नियम तेवढे व्हायचे होते.

वनहक्कांच्या दाव्यांतही हाच अनुभव येतो. दाव्याची तपासणी ग्रामसभा करते, पुढे उपविभागस्तरीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती. पुरावा म्हणून केवळ सरकारी दस्तऐवज नव्हे, तर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले कथन, जुनी विहीर, स्मशानभूमी, देवस्थान यांनाही नियमांनी स्थान दिले आहे. आपल्या समाजात वहीखात्याला मान आहे, आणि तो असावाच. पण ज्यांच्या वह्या म्हणजे म्हाताऱ्यांच्या स्मृती आणि पूर्वजांचे दगड, त्यांनाही कायद्याने खातेदार मानले आहे, ही या नियमांची मोठी गोष्ट आहे. तरीही अनेक कचेऱ्यांत कागद नाही म्हणून दावे फेटाळले गेले आणि फेटाळल्याचे कारण दावेदारापर्यंत पोहोचलेही नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याविषयी आदेश दिला तेव्हा लाखो कुटुंबांचे धाबे दणाणले. पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीस, त्या आदेशाला स्थगिती मिळाली, आणि दावे कोणत्या रीतीने फेटाळले गेले हे राज्यांनी सांगावे असे न्यायालयाने म्हटले. फेटाळणीच्या शेऱ्याखालील एका सहीवर केवढे ओझे असते, हे त्या पंधरवड्यात देशाने पाहिले.

उलट दिशेचे उदाहरणही गडचिरोलीचेच आहे. सामूहिक वनहक्क मान्य करण्यात हा जिल्हा देशात आघाडीवर राहिला. कायदा तोच, नियम तेच, समित्यांची रचना तीच. फरक पडला तो जागरूक ग्रामसभा, त्यांना साथ देणारे कार्यकर्ते आणि दावा नाकारण्याऐवजी पूर्ण करून घेण्याकडे कल असलेले काही अधिकारी एकाच वेळी एकत्र आल्यामुळे. अर्जात त्रुटी असेल तर अर्ज परत पाठवणे हेही नियमाला धरून असते आणि समोर बसवून ती त्रुटी भरून घेणे हेही. नियम दोघांनाही वाव देतो. माणूस एक वाट निवडतो.

हे सारे आपल्या मासिकात कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. आपला समाजही संख्येने लहान आहे. २०११ च्या जनगणनेत देशात जैनांची संख्या ४४.५ लाखांच्या घरात होती, त्यांतील सुमारे १४ लाख महाराष्ट्रात. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा १९९२ चा. अल्पसंख्य कोण, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही. केंद्र सरकार अधिसूचनेने जाहीर करील तो समाज अल्पसंख्य, एवढेच त्यात आहे. १९९३ मध्ये पाच समाजांची अधिसूचना निघाली. आपल्या समाजाचे नाव तिच्यात येण्यास २७ जानेवारी २०१४ उजाडावे लागले. एका अधिसूचनेत नाव असणे आणि नसणे यांत काय फरक पडतो, हे आपल्या शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांना विचारावे. मात्र दोन्हींची बरोबरी करता येणार नाही. आपल्यासाठी तो प्रश्न संस्थांचा आणि शिष्यवृत्तींचा होता. मेंढ्यासारख्या गावांसाठी तो चुलीचा होता. आपल्याकडे वकील होते, संघटना होत्या, दिल्लीत जाण्या-येण्याचे बळ होते. एवढे असूनही आपल्याला वीस वर्षे वाट पाहावी लागली. ज्यांच्याकडे यांतील काहीच नाही त्यांच्या प्रतीक्षेची लांबी आपण तरी सहज समजू शकतो.

तेव्हा या विषयात आपल्या हाती असलेल्या दोन-तीन गोष्टी नोंदवून ठेवतो. ज्यांचा बांबू, तेंदूपाने, मोह, हिरडा, चारोळी यांच्याशी व्यवहार आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे की आज अनेक ठिकाणी विक्रेता बदललेला आहे. पूर्वी लिलाव खात्याचा असे. आता ग्रामसभा स्वतः निविदा मागवते, करार करते. ग्रामसभेचा ठराव हा मालकाचा कागद आहे. त्याला तेवढाच मान द्यावा, दर ठरल्याप्रमाणे द्यावा आणि रक्कम ठरल्या दिवशी ग्रामसभेच्या खात्यात जमा करावी. एखादा व्यापारी हप्ता थकवतो तेव्हा तो एका गावाचे पैसे तर बुडवतोच. शिवाय ‘ग्रामसभांना व्यापार जमत नाही, तो खात्याकडेच राहू द्या’ असे म्हणणाऱ्या जुन्या विचारालाही तो पुरावा पुरवतो.

दुसरे असे की, सरकार बहुतेक नियमांचे मसुदे ‘हरकती व सूचनां’साठी प्रसिद्ध करते. कराचे मसुदे आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो, कारण त्यांत आपला पैसा असतो. जे वाचू शकत नाहीत त्यांच्याविषयीचे मसुदेही आपल्यातील वकिलांनी आणि सनदी लेखापालांनी कधीतरी वाचावेत. ‘डोईभारा, सायकल आणि हातगाडी’ ही ओळ मालवाहतुकीच्या धंद्यातील कोणत्याही माणसाला पहिल्या वाचनात खटकली असती. खटकली असती तर चार वर्षे वाचली असती.

आणि तिसरे आपल्या मुलामुलींविषयी. अलीकडे आपल्या घरांतील तरुण मोठ्या संख्येने स्पर्धा परीक्षांकडे वळत आहेत. मुलगा किंवा मुलगी अधिकारी झाली की पेढे वाटले जातात, सत्कार होतात, ते व्हावेतच. त्या सत्कारात एखाद्या ज्येष्ठाने हेही सांगावे की बाळा, तुझ्या टेबलावर येणाऱ्या अर्जावर ‘त्रुटी’ असा शेरा मारण्याआधी अर्जदार किती लांबून चालत आला आहे ते विचार. ब्रह्मदेव शर्मांच्या हाती कायदे करण्याचा अधिकार नव्हता. त्यांच्या हाती एक वार्षिक अहवाल होता, आणि तो त्यांनी असा लिहिला की सरकारला उत्तर द्यावे लागले. बेडन-पॉवेल यांच्या हातीही एक टिपणीच होती. दोघेही नोकरच. एकाच्या शब्दाने सव्वाशे वर्षे लोकांना परवान्याच्या रांगेत उभे केले, दुसऱ्याच्या शब्दाने त्या रांगेतून बाहेर पडण्याची वाट दाखवली. आपल्या घरातील लेखणी उद्या यांपैकी कोणत्या कामाला लागेल, याची काळजी आपण आजच घेतलेली बरी.